तुम्ही विचारलंत म्हणून : मारिओमधली ती तोफ फुटत का नाही?

माझे निपाणीत टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे आणि नव्वदीच्या दशकात त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत मी तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम खेळायला देत असे. त्या खोलीत बसलेली मुले आता कुणी पुण्यात, कुणी बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरीला आहेत, आणि त्यांची मुले तोच मारिओ निराळ्या यंत्रांवर खेळतात. दोन्ही पिढ्यांनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे : "काका, ती तोफ फोडायची कशी वो?" प्रश्न पाचव्या जगापासून पुढे भेटणाऱ्या त्या काळ्या, बुटक्या तोफेचा आहे, जिच्या तोंडातून डोळे असलेली गोळी सरळ रेषेत आपल्या दिशेने येते. उत्तर एका शब्दाचे आहे : फुटत नाही. पण एवढे सांगून कुणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ निन्तेन्दो कंपनीने 1985 साली जपानमध्ये आणला. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण 32 टप्पे त्यात आहेत आणि तोफ पहिल्यांदा दिसते ती 5-1 (पाचव्या जगाचा पहिला टप्पा) मध्ये. म्हणजे निम्मा खेळ संपेपर्यंत तिचा पत्ताच नसतो. आमच्याकडे तिथपर्यंत पोहोचणारी मुले थोडी असत, कारण या खेळात प्रगती साठवून ठेवायची सोय नव्हती आणि उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. चौथ्या जगापर्यंत आलेला मुलगा पंखा थांबताच डोक्याला हात लावून बसे. जाणती मुले 4-2 च्या शेवटी छतावरून चालत जाऊन नळातून थेट पाचव्या जगात उतरत, आणि ज्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला असे तिच्यात तोच मारिओ निरनिराळ्या जगांपासून सुरू होणारा, वेगळ्या आकड्याखाली सापडे. तोफेची ओळख बहुतेकांना अशी आडवाटेने झाली.

आता ती का फुटत नाही याचे कारण खेळाच्या यंत्रात आहे. त्या यंत्रावर चित्र दोन प्रकारांनी उभे राहते. मारिओ, कासवे, गोळ्या ही हलणारी चित्रे वेगळी काढली जातात आणि त्यांना मर्यादा आहे : पडद्यावर एका वेळी अशी 64 लहान चित्रे, आणि एका आडव्या रेषेत फक्त 8. जमीन, नळ, विटा आणि ढग हा मागचा पडदा, जो चौकोनी तुकडे जुळवून एकदाच मांडला जातो. आपली तोफ या दुसऱ्या गटातली आहे. ती शत्रूसारखी वागत असली, तरी खेळाच्या हिशेबात ती नळाचे भावंड आहे. म्हणूनच तिच्यावर आग टाकली तर आगीचा गोळा भिंतीवर आपटल्यासारखा विझतो, कासवाचे कवच लाथाडले तर ते तिला धडकून उलटे आपल्यावरच येते, आणि तारा घेऊन चमकणारा, थोडा वेळ कशानेच न मरणारा मारिओसुद्धा तिच्यापुढे थांबतो. विटाही मागच्या पडद्यावरच असतात आणि तरी फुटतात, हा आक्षेप एका हुशार मुलाने घेतला होता आणि तो योग्य होता. त्याचे उत्तर असे की मोठ्या मारिओने खालून डोके मारले तर वीट फुटावी, असा नियम मुद्दाम लिहिलेला आहे. तोफेसाठी असा नियम कुणी लिहिलाच नाही. तिला किती मार बसला हे मोजायला त्या खेळात जागाच नाही.

संपूर्ण खेळ आज्ञावलीसकट आणि चित्रांसकट 40 किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आज मोबाइलवरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. एवढ्या जागेत तोफेचे डोके कसे चालते, ते मला सर्वांत रंजक वाटते. खेळ पडद्यावरच्या तोफांची एक छोटी यादी ठेवतो आणि सतत एक यदृच्छ आकडा काढत राहतो. आकडा यादीतल्या एखाद्या तोफेशी जुळला, तिची मागची गोळी सुटून पुरेसा वेळ झाला असला आणि शत्रूंसाठी राखलेल्या पहिल्या तीन जागांपैकी एक रिकामी असली, तरच ती तोफ डागली जाते. त्यामुळे तिला ताल नसतो. घड्याळ लावून उडी मारू पाहणारा फसतो. आजूबाजूला कासवांची गर्दी असेल तर तोफ गप्प बसते आणि आपण ती कासवे मारून टाकली की जागा मोकळी होऊन गोळ्या वाढतात, हे तुम्ही अनुभवले असेल, फक्त त्याचे कारण माहीत नसेल. गोळी निघताना मारिओ कोणत्या बाजूला आहे ते पाहून दिशा ठरते आणि मग ती वळत नाही, खाली येत नाही, वाटेतल्या विटाही तिला अडवत नाहीत.

आणि आता मूळ मुद्दा. गोळी सोडण्याआधी खेळ आणखी एक गोष्ट तपासतो : मारिओ तोफेपासून 40 ठिपक्यांच्या आत आहे का? एक वीट 16 ठिपक्यांची असते, म्हणजे हे अंतर अडीच विटांचे झाले. डावीकडे असो वा उजवीकडे, तेवढ्या अंतरात तुम्ही असाल तर गोळी सुटतच नाही. तोफेवर जाऊन उभे राहिलात तर ती पूर्ण थंड. ज्यांनी मला फोडायची युक्ती विचारली त्या सगळ्यांना मी हे करून दाखवले आहे, आणि मुलांचा पहिला अविश्वास नेहमी सारखाच असतो, कारण घाबरलेला माणूस तोफेपासून लांब पळतो आणि लांब पळणाऱ्यालाच ती मारते.

खऱ्या तोफेचेही असेच असते. तोंडाच्या अगदी खाली पोहोचलेल्या माणसावर तिचा मारा होत नाही, आणि म्हणून किल्ला बांधणारे त्या माणसाला तिथे पोहोचूच देत नसत. बेळगावच्या भुईकोट किल्ल्याभोवती तो रुंद खंदक आहे तो याचसाठी, आणि बुरूज तटाच्या बाहेर काढलेले असतात तेही शेजारच्या बुरुजावरून तटाचा पायथा दिसावा म्हणून. 1818 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या टॉमस मन्रोच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा त्यांनाही दुरून तोफा डागतच काम करावे लागले. मारिओच्या रचनाकारांनी तोफ दिली पण खंदक दिला नाही, उलट जवळ येणाऱ्यासाठी अडीच विटांची सूट ठेवली. तोफेला न्यायाने वागवणारा खेळ मी म्हणतो तो यामुळे. हातोडे फेकणारी कासवांची जोडी किंवा ढगात बसून काटेरी पिल्ले टाकणारा तो चष्मेवाला माझ्या मते तोफेपेक्षा कितीतरी जास्त लबाड आहेत.

तक्रार करायची तर 5-3 बद्दल करा. तिथे गोळ्या पडद्याच्या उजव्या कडेतून येतात आणि तोफ कुठेच दिसत नाही. ती नाहीच. आमच्या खोलीतल्या मुलांनी ठरवून टाकले होते की ती तोफ कोगनोळी नाक्याच्या पलीकडे महाराष्ट्रात आहे, त्यामुळे कर्नाटकात उभे राहून तिला हात लावता येणार नाही. सीमाभागातल्या मुलांना एवढी भूगोलाची समज उपजतच असते.

तोफेला काही होत नसले तरी गोळीला होते. तिच्यावर आगीचा परिणाम नाही, पण वरून पाय पडला की ती कोसळते आणि 200 गुण मिळतात. आणखी एक बारकावा : तोफ डागल्याचा आवाज आणि टप्प्याच्या शेवटी घड्याळाचा शेवटचा आकडा 1, 3 किंवा 6 असताना उडणाऱ्या आतषबाजीचा आवाज एकच आहे. जागा वाचवण्यासाठी एकाच धमाक्याला दोन कामे दिलेली आहेत.

अशी न फुटणारी तोफ फक्त मारिओतच आहे असे नाही. 1992 च्या 'कर्बीज ड्रीम लँड'पासून कर्बीच्या खेळांत शॉट्झो नावाची एक गोल तोफ पुन्हा पुन्हा येते. तो गुलाबी कर्बी समोर येईल त्याला तोंडात ओढून गिळतो, हीच त्याची ओळख, पण शॉट्झो सहसा गिळला जात नाही आणि मरतही नाही. सगळे काही खाऊ शकणाऱ्या नायकाच्या खेळात एक न पचणारी वस्तू ठेवणे मला फार आवडते, कारण तेवढ्यापुरते खेळणाऱ्याला तोंड मिटून पाय चालवावे लागतात.

मारिओच्या पुढच्या खेळांत तोफ टिकली, स्वभाव बदलला. 1988 च्या तिसऱ्या भागात मागे वळून पाठलाग करणारी गोळी आली, जी मला पटलेली नाही, कारण सरळ जाणे हाच त्या गोळीचा प्रामाणिकपणा होता. 1990 च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये घराएवढी गोळी पहिल्याच टप्प्यांत भेटते आणि तिच्यामागे तोफ दिसतच नाही. 2015 च्या 'सुपर मारिओ मेकर'मध्ये तर टप्पे आपणच बांधायचे असतात, तोफेची उंची वाढवता येते आणि तिच्या पोटात गोळीऐवजी दुसरा शत्रू भरता येतो. आताच्या मुलांनी तोफेला निर्दयीपणे वापरले आहे ते तिथे.

ज्यांचा मुलगा 7-1 मध्ये अडकला आहे आणि ज्यांनी गेल्या आठवड्यात दुकानात येऊन विचारले, त्यांच्यासाठी एवढेच : तिथे तोफा एकामागून एक आहेत, म्हणून धावायचे बटण सोडून द्यायला सांगा. पहिल्या तोफेपर्यंत जाऊन तिच्यावर चढू द्या, तिथे उभे राहून पुढच्या तोफेची गोळी डोक्यावरून किंवा पायाखालून जाऊ द्या, मग उतरून दुसरीकडे चाला. मधल्या अंतरात गोळी आली तर तिच्यावर पाय द्यायचा, मागे हटायचे नाही, आणि जी तोफ मागे राहिली ती पडद्याबाहेर जाईपर्यंत पाठीवर गोळी सोडू शकते हे लक्षात ठेवायचे. पडद्याबाहेर गेली की ती डागत नाही. शेवटाकडे हातोडेवाले येतील, त्यांच्यासाठी आग फेकायची ताकद देणारे फूल राखून ठेवायला सांगा.