तुम्ही विचारलंत म्हणून : फ्रिट्झ पोलार्डच का?

अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की माझ्या तोंडी फ्रिट्झ पोलार्डचं नाव येतं. मग हमखास प्रश्न येतो, ‘एवढे मोठे खेळाडू झाले, तुम्हाला हाच का आठवतो?’

त्याच्या पडण्यामुळे. उंची 5 फूट 9 इंच, वजन जेमतेम 75 किलो, आणि 1920च्या आसपासच्या संघांत बहुधा एकटाच कृष्णवर्णीय. चेंडू घेऊन पळताना त्याला पाडलं की बाकीचे गुडघे, कोपरं रोवत अंगावर कोसळायचे, मुद्दाम. म्हणून जमिनीला पाठ टेकताच तो उताणा होऊन पाय वर करायचा आणि सायकल मारल्यासारखे हवेत फिरवायचा. बुटांचे खिळे समोर दिसले की येणारा थबकायचा. अंगात केवढी सावधगिरी मुरली असेल!

1920 साली ओहायोतल्या कँटन गावात व्यावसायिक लीग स्थापन झाली, तीच पुढे एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली नॅशनल फुटबॉल लीग झाली. पहिल्याच वर्षी पोलार्डच्या अ‍ॅक्रन प्रोज संघाने एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं. 1921 मध्ये तो खेळता खेळता प्रशिक्षकही झाला. लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. आणि हाच माणूस सामन्याआधी कपडे कुठे बदलायचा? संघाचा मालक फ्रँक नीड याच्या सिगार कारखान्यात. तिथून त्याला न्यायला गाडी यायची. हे त्याने म्हातारपणी स्वतः सांगितलं. विजेत्या संघाच्या आघाडीच्या खेळाडूने तंबाखूच्या वासात एकट्याने बुटांच्या नाड्या बांधायच्या, हे मला आजही सहन होत नाही.

1934 पासून 1945 पर्यंत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नाही, नुसतं घ्यायचं नाही. पोलार्ड तेव्हा चाळिशीचा. 1935 मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ब्राउन बॉम्बर्स या कृष्णवर्णीय संघाचं प्रशिक्षकपद घेतलं आणि गोऱ्या संघांशी सामने खेळवले. एकत्र खेळलं म्हणून काही बिघडत नाही, हे त्याला लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. त्याच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोठं वाटतं.

1986 मध्ये, 92व्या वर्षी तो गेला. एनएफएलमध्ये त्याच्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, 1989 मध्ये नेमला गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-सभागृहात, पोलार्डचं नाव 2005 मध्ये लागलं. ते सभागृह कँटनमध्येच आहे, अ‍ॅक्रनहून गाडीने अर्ध्या तासावर.