घरगुती विक्रीसाठी यजमानीण तयार करताना : माझा अनुभव

सोलापुरात मी काही वर्षांपासून स्वयंपाकघरातील हवाबंद डब्यांची थेट विक्री करते. एखाद्या गृहिणीने आपल्या घरी ओळखीच्या बायकांना बोलवायचे, मी तिथे डबे वापरून दाखवायचे आणि ऑर्डर लिहून घ्यायच्या, अशी ही पद्धत आहे. त्या दुपारी मी किती चांगले बोलते यापेक्षा यजमानीण आधीपासून किती तयार आहे, यावर विक्री ठरते, असे माझे ठाम मत आहे.

जुळे सोलापुरातील एका वहिनींनी दारातच विचारले होते, "ताई, हे चेन मार्केटिंग तर नाही ना ओ?" अशी शंका मनात ठेवून कोणतीही बाई मैत्रिणींना मोकळेपणाने बोलावू शकत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, शक्यतो सासूबाई घरात असताना, मी ओळखपत्र दाखवते. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ नुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचे नसते, तसेच पिरॅमिड पद्धतीच्या, म्हणजे साखळीत नवी माणसे जोडत जाऊन पैसे मिळवण्याच्या, योजनांना मनाई आहे, हे मी समजावून सांगते. यजमानिणीला मिळणारी भेटवस्तू एकूण विक्रीवर अवलंबून असते, हेही तेव्हाच सांगून टाकते.

त्यानंतर तारीख. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस सोडूनच तारीख धरावी लागते; त्या दिवशी पाणी भरण्याची घाई असताना कोणीही निवांत बसत नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचे दिवसही मी टाळते. संक्रांतीच्या हळदीकुंकवातच डबे दाखवू या, असे पुष्कळ जणी सुचवतात, पण तिथे बायका वाण घेऊन लगेच पुढच्या घरी निघतात, त्यामुळे मी नम्रपणे नकार देते.

सर्वांत जास्त वेळ मी नावांच्या यादीला देते. "कोणाला बोलावू?" असे विचारले की शेजारच्या चार नावांवर वही थांबते, म्हणून आम्ही दोघी शेजारीच बसून भिशीतल्या बायका, मुलांच्या वर्गमित्रांच्या आया, नोकरीतल्या सहकारी, नणंदा-जावा आणि माहेरची मंडळी असे एकेक गट आठवून नावे लिहितो. ग्रुपवर टाकलेला निरोप सगळ्या वाचतात, पण आपल्यालाच बोलावले आहे असे कोणालाच वाटत नाही. म्हणून प्रत्येकीला फोन करावा आणि घेण्याची सक्ती नाही हे स्पष्ट सांगावे, असा माझा आग्रह असतो. ज्यांना येणे जमणार नाही, त्यांना यजमानिणीने कॅटलॉग आधीच दाखवला तर त्यांच्याही ऑर्डरी येतात. आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन हवाच.

बैठकीपूर्वी काही दिवस मी तिच्याकडे एक डबा वापरायला ठेवते. पावसाळ्यात एका काकूंनी त्यात कडक भाकरी ठेवली होती. बैठकीत मी झाकणाबद्दल सांगू लागले, तोच त्यांनी स्वयंपाकघरातून तो डबा आणला आणि सगळ्यांसमोर भाकरीचा तुकडा मोडला. तो कुरकुरीत आवाज ऐकून बायकांनी डबा हातोहात फिरवला, झाकण लावून-काढून पाहिले आणि किंमत त्यांनीच विचारली. माझ्या तोंडून ऐकलेल्या माहितीपेक्षा ओळखीच्या बाईचा स्वतःचा अनुभव त्यांना पटतो.

खाण्याचा बेत मात्र मी साधाच ठेवायला सांगते. चहा आणि चिवडा पुरेसा आहे. पंगतीसारखा थाट केला तर आपल्यालाही एवढे करावे लागेल या विचाराने पुढची बाई बैठक घ्यायला कचरते, शिवाय यजमानीण स्वतः स्वयंपाकघरातच अडकून पडते.

माल तिच्याच घरी येतो, म्हणून वाटपाचे कामही आधी ठरवून घ्यावे लागते. प्रत्येक पिशवीवर नाव आणि रक्कम लिहून मी स्वतः पिशव्या लावून देते आणि बिल प्रत्येकीच्या हाती पडेल याची काळजी घेते. डबा बदलून हवा असल्यास यजमानिणीकडे न जाता थेट मला फोन करावा, म्हणून माझा क्रमांक बिलामागे लिहिलेला असतो.