ढाल नंबर ७ : कावळा कुणाचा?

मंडळी, तीन महिने काही टाकलं नाही, कारण सातव्या ढालीने मला पार दमवलं. (ढाल म्हणजे युरोपातल्या घराण्यांचं ढालीवरचं कुलचिन्ह, ती मी कागदावर रंगवते.) आधीच्या सहा दुसऱ्यांच्या होत्या, बघून काढल्या. ही आमची स्वतःची करायची होती, सासरचं आडनाव कावळे, म्हटलं एका रविवारचं काम आहे!

नवीन लोकांसाठी आधी एक कबुली देते. मी या नादाला लागले तेव्हा नेटवरचा तो तक्ता घेऊन बसले होते, लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हिरवा म्हणजे आशा वगैरे, आणि त्यावरून घरच्यांची एक ढाल पण केली होती ज्यात सगळे सद्गुण कोंबले होते, दिसायला ती रांगोळी स्पर्धेतल्या तिसऱ्या नंबरासारखी दिसायची. मग वाचत गेले तसं कळलं की हे अर्थ बहुतेक मागाहून चिकटवलेत. बाराव्या शतकात ढालीवर रंग आले ते लांबून ओळखू यावं म्हणून. म्हणूनच तो एकच कडक नियम आहे, धातूवर धातू नको नि रंगावर रंग नको. धातू म्हणजे सोनं-चांदी, अर्थात पिवळा-पांढरा, आणि रंग म्हणजे लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. पिवळ्यावर काळं दिसतं, निळ्यावर काळं दिसत नाही, संपला विषय. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोन्याचे क्रॉस काढून हा नियम मोडला आणि तो इतका डोळ्यात भरला की आजही अपवाद म्हटलं की लोक तेच उदाहरण देतात.

अर्थ खरा कुठे सापडतो माहितीये? आडनावात. स्पेनमधल्या कॅस्टिल आणि लिऑनच्या ढालीवर किल्ला आणि सिंह, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ढालीवर अस्वल (जर्मनमध्ये अस्वलाला बेअर). याला कँटिंग म्हणतात, नावावरची कोटी. आपल्याकडे तर याची खाणच आहे. वाघ, मोरे, कोल्हे, लांडगे, गरुड, तारे, सगळ्यांच्या ढाली अर्ध्या तयारच. (ढेकणे मंडळींची मला काळजी वाटते.)

तर कावळे. काळा कावळा, सोन्याची जमीन म्हणजे मागचा रंग, नियमात बसतंय, लांबून दिसतंय. पेन्सिलीने काढून झाला, पिवळ्याचा पातळ हात दिला, आणि रात्री सहज शोधलं तर श्रॉपशायरच्या कॉर्बेट घराण्याची ढाल हीच! सोन्यावर काळा रेव्हन, म्हणजे थोरला कावळाच, शेकडो वर्षांपासून. कारण पण तेच, जुन्या फ्रेंचमध्ये कावळ्याला कॉर्ब. म्हणजे आमचे इंग्लंडमधले कावळे आधीच येऊन बसलेले. म्हटलं बरं, चांदीवर तीन काढू. तर ती कँटरबरीचा बाराव्या शतकातला आर्चबिशप थॉमस बेकेट याची निघाली, चांदीवर तीन काळे चफ (कावळ्याच्याच जातीतला पक्षी), चोची नि पाय लाल. बेकेटच्या हयातीत त्याची अशी ढाल होती असं नाही, नंतरच्यांनी त्याच्या नावावर चढवली, पण कँटरबरी शहर आजही तेच तीन पक्षी मिरवतं. म्हणजे तेही गेलं.

तुम्ही म्हणाल पुण्यातल्या फ्लॅटमधल्या भिंतीवर कोण येतंय तपासायला. खरंय. पण या छंदातली गंमतच ही आहे की एकाची ढाल दुसऱ्याने घ्यायची नाही. १३८५ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा याच्या स्कॉटलंड स्वारीत स्क्रोप नि ग्रोव्हनर असे दोघेजण अगदी एकच ढाल घेऊन आले, निळ्यावर सोन्याचा तिरका पट्टा. त्यावर केस चालली ती १३९० पर्यंत. शेकडो साक्षी झाल्या, त्यात कवी चॉसर पण होता. त्याची साक्ष मला फार आवडते. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना हेच चिन्ह बाहेर टांगलेलं दिसलं म्हणून त्याने विचारलं, स्क्रोपची ढाल इथे कशाला, तर कुणीतरी सांगितलं ही ग्रोव्हनरची आहे, आणि हे नाव तो तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होता. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला, ग्रोव्हनरने शेवटी पट्टा सोडून गव्हाची पेंढी घेतली. पण घराण्याच्या मनातून काही ते गेलं नाही, १८८० ची डर्बी ही घोड्यांची शर्यत जिंकलेल्या त्यांच्या घोड्याचं नाव होतं बेंड ऑर, म्हणजे सोन्याचा तिरका पट्टा. पाचशे वर्षांनी! आपल्याकडे बांधावरून भांडणारे भाऊबंद तरी बरे.

म्हणून मग फरक पाडायला काहीतरी हवं होतं. कावळा म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवणार, पिंड. चोचीत पांढरा गोळा देऊ म्हटलं, काढलाही, पण तो पडतो पिवळ्या जमिनीवर, म्हणजे सोन्यावर चांदी, आणि खरंच दोन हातांवरून दिसेना. शेवटी वरती लाल पट्टा घेतला, ज्याला चीफ म्हणतात, आणि त्यावर तीन पांढरे गोल. ब्लेझनच्या, म्हणजे ढालीचं वर्णन करायच्या भाषेत या पांढऱ्या गोलाला प्लेट म्हणतात, सोन्याचा असेल तर बेझंट, लाल असेल तर टोर्टो. सासूबाई मागून बघून गेल्या नि म्हणाल्या, "अगं, पिंड कुणी भिंतीवर लावतं का?" मी म्हटलं इडल्या आहेत. सध्या अधिकृत अर्थ इडली असा आहे.

आता रंगकामाचं सांगते, इथे खूप चुका केल्यात.

चांदीसाठी मी हुशारी करून मिठाईवरचा वर्ख आणला. डिंकाचं पातळ पाणी लावून, पंखा बंद करून, श्वास रोखून तीन गोलांवर बसवला, पहिले काही दिवस काय झळकत होता म्हणून सांगू! महिन्याभरात कडेने पिवळट, मग तपकिरी, आणि गणपतीपर्यंत चक्क काळपट. आमचं स्वयंपाकघर शेजारीच, हवेतलं गंधक चांदीला खातंच, देवाची भांडी घासणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जुन्या हस्तलिखितांतली चांदी पण अशीच काळी पडलीये, त्यामुळे चांदी म्हणून सरळ पांढरा लावतात त्यामागे हेही कारण आहे. खरवडून पांढरा गुआश, म्हणजे दाट जलरंग लावला. सोनेरी पोस्टर कलर पण नका घेऊ, फोटोत चिखल दिसतो, पिवळ्यात चिमूटभर ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, पुरे.

कावळा नुसता काळा भरला तर शाईचा डाग दिसतो. पंखांच्या रेघा आधी मोकळ्या सोडल्या नि मग त्यात फिकट करडा भरला, ०० नंबरचा ब्रश. खिडकीत येतो त्याला बघून काढायला बसले होते, पण त्याची मान राखाडी, आणि ढालीवरच्या रंगात राखाडी बसत नाही, म्हणून डोमकावळा धरला. (नैसर्गिक रंगात काढलंय हे 'प्रॉपर' म्हणून सांगता येतं, पण मला ती पळवाट वाटते.)

आणि ढाल नंबर ५ जांभळी कशी असं ज्यांनी विचारलं होतं, हो, ती हिरवीच हवी होती, मी जांभळी केली. ते जुन्या छापील चित्रावरून घेतलं होतं. काळ्या छपाईत रंग रेघांनी दाखवतात, ही पद्धत पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने १६३८ मध्ये छापली त्यामुळे रूढ झाली. उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनं, कोरं सोडलं तर चांदी, उभ्या-आडव्या दोन्ही म्हणजे काळा. हिरव्याला तिरक्या रेघा, वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे. आता यातलं उजवं म्हणजे ढाल धरणाऱ्याचं उजवं, म्हणजे बघणाऱ्याचं डावं! मी माझं उजवं धरलं. उलट्या तिरक्या रेघा जांभळ्याच्या, झालं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण जांभळा जुन्या ढालींत क्वचितच सापडतो.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसी चर्चच्या फरशीत ढाली कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, ते बघताना हीच अडचण आली, दगडात रंग नाही, फक्त आकार. पोर्तुगालच्या राजढालीतल्या पाच छोट्या ढाली म्हणजे ११३९ च्या औरिकच्या लढाईत पोर्तुगीजांनी पराभूत केलेले पाच राजे असं सांगतात, पण ही गोष्ट लढाईनंतर फार उशिरा रंगली. आधी चित्र, मग अर्थ.

एक राहिलं, इंग्लंडच्या रीतीने लग्न न झालेल्या बाईला नि विधवेला ढाल नसते, लॉझेंज असतो, म्हणजे आपली शंकरपाळी. मी तरी कावळा शंकरपाळीवर बसवणार नाही, ढालच राहील.

पुढची ढाल नवरा-बायकोची, उभी दोन भागांत. उजवीकडे (धरणाऱ्याच्या!) कावळा, डावीकडे माझं माहेर. माहेरचं आडनाव पाटणकर, त्याची कोटी कशी काढायची ते कुणाला सुचत असेल तर सांगा, लाकडी पाट सोडून, तो मी काढून बघितला, स्टूल दिसतो.