आमची वाटचाल: हिरवळीकडून उताराकडे

आमच्या फर्मची सुरुवात लॉन लावून देण्याच्या कामापासून झाली. माती पसरायची, गवत लावायचं, पाणी मारायचं. आता पुण्यातल्या किंवा आसपासच्या बंगल्यात अंगणाचं काम घेतलं, की पहिल्या भेटीत आम्ही रोपांचा विषयच काढत नाही. आधी लेव्हल पाइप लावून जोत्यापासून फाटकापर्यंतचा उतार मोजतो. गवत पिवळं पडलं, पेव्हर खचले किंवा भिंतीला ओल आली, तर कारण बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेतच सापडतं.

लेव्हल पाइप म्हणजे पाणी भरलेली साधी पारदर्शक नळी. एक टोक जोत्याशी धरायचं, दुसरं फाटकाशी. आत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे ना, ते बघून घ्यावं. फरसबंदीला दर 10 फुटांना 2 इंच उतार पुरतो. घरालगतच्या मातीला मात्र पहिल्या 10 फुटांत 5-6 इंच द्यावा, कारण भरलेली माती बसते आणि कमी उतार पहिल्याच पावसाळ्यात उलटा होतो. मातीची पातळी जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा किमान 6 इंच खाली हवी. फुलांचे वाफे भिंतीला टेकवून जोत्याच्या वर भरणं ही आम्हाला सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. त्यातून ओल भिंतीत चढते, रंगाला फुगे येतात आणि वाळवीला घरात शिरायला आडोसा मिळतो.

छताचं पाणी कुठे पडतं, हेही तेव्हाच बघावं. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे 2300 लिटर पाणी दोन-तीन पाइपांतून खाली येतं. ते थेट वाफ्यात सोडलं तर माती धुपते आणि पायाशी पाणी मुरतं. 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप जमिनीखालून, दर 10 फुटांना सव्वा इंच उतार देऊन, शोषखड्ड्यापर्यंत किंवा गटाराच्या चेंबरपर्यंत न्यावा. पाइप वळतो तिथे चेंबर ठेवावाच. पाला अडकतो तो वळणावरच.

मग माती. टेकड्यांच्या उतारावर मुरूम लागतो, तर नदीकाठच्या सपाटीवर काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेली फरशी टिकत नाही. अशा ठिकाणी आम्ही दीड फूट काळी माती काढून मुरूम भरतो. मुरूम 4-4 इंचांच्या थरांनी, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने (माती दाबण्याचं यंत्र) किंवा हाताच्या धुम्मसाने बसवायचा. ओलावा किती हवा? मूठभर मुरूम आवळला तर गोळा राहावा, पाणी गळू नये. सगळा भराव एकदम टाकून वरून कॉम्पॅक्टर फिरवला, तर वरचा थर तेवढा घट्ट होतो आणि खालचा पुढे बसत राहतो.

पेव्हर ब्लॉक चालण्यासाठी आणि हलक्या गाडीसाठी 60 मिलिमीटरचे पुरतात. पाण्याचा टँकर आत येणार असेल तर 80 मिलिमीटरचे घ्यावेत. मुरुमावर 4 ते 6 इंच खडीचा थर, आणि त्यावर ग्रिट, म्हणजे बारीक खडी, पसरून खडीच्या फटी आधी बंद कराव्यात. मग कच, म्हणजे दगडाचा चुरा, आणि तिच्यावर ब्लॉक. ही पायरी वगळली तर वरची कच पावसात खडीत उतरते आणि ब्लॉकवर खळगे पडतात. पेव्हर खचण्याचं इतकं साधं आणि टाळण्याजोगं कारण दुसरं नाही. कचेचा थर दीड इंचाचाच ठेवावा. उंची जमवण्यासाठी तो कुठे 3 इंच आणि कुठे 1 इंच केला, तर जाड जागा आधी बसते. कडेचे कर्ब, म्हणजे काठाचे ठोकळे, काँक्रीटमध्ये पक्के हवेत, नाहीतर गाडी वळते तिथे सांधे उघडतात. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून कॉम्पॅक्टर फिरवायचा आणि पुन्हा वाळू भरायची. सांध्यांत सिमेंट भरू नये. त्याला तडे जातात, आणि पुढे पाइपसाठी एखादा ब्लॉक उचलायचा झाला तर फोडावाच लागतो.

लॉनबद्दल आमचं मत बरंच बदललं आहे. आम्ही आता सहसा 300 चौरस फुटांपेक्षा मोठं लॉन सुचवत नाही. 1000 चौरस फूट हिरवळीला उन्हाळ्यात रोज साधारण 400 ते 500 लिटर पाणी लागतं, आणि ज्या कोपऱ्यात 4 तासांपेक्षा कमी ऊन येतं तिथे ती विरळच राहते. तिथे सिंगोनियम किंवा नेचे लावावेत. लॉनसाठी माती 6 इंच हवी, म्हणजे 100 चौरस फुटांना अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). बसण्याचा हिशेब धरून थोडी जास्त मागवावी. तीन भाग लाल माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घ्यावं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते आणि ती गवताची मुळं खाते.

लव्हाळा या तणाची गाठ मात्र गवत लावण्याआधीच सोडवावी लागते. वरून उपटला तर पान हातात येतं, जमिनीतली गाठ राहते आणि पुन्हा फुटते. म्हणून माती पसरून आम्ही दोन-तीन आठवडे फक्त पाणी देतो, उगवलेला लव्हाळा गाठींसकट खणून काढतो, आणि हे दोनदा करतो. एवढा वेळ थांबायचा आग्रह आम्ही सोडत नाही.

झाडं निवडताना उंबर, पिंपळ, रबर यांना घर आणि ड्रेनेजच्या पाइपांजवळ जागा देऊ नये. लहान अंगणात बहावा, ताम्हण किंवा कांचन भिंतीपासून 10-12 फुटांवर लावावा. खड्डा 3 फूट लांब, रुंद आणि खोल घेऊन पाण्याने भरून बघावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तळ पहारेने फोडावा, नाहीतर मुळं कुजतात. शहरात मोठं झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. तेव्हा जागेचा विचार रोप लावण्याआधी झालेला बरा.

खोदकाम आणि फरसबंदी आम्ही मार्च ते मे यांतच घेतो, झाडं पहिल्या पावसानंतर लावतो. ज्यांना पुढच्या वर्षी काम करायचं आहे, त्यांनी यंदाच्या जुलैत एक करावं: मोठी सर थांबल्यावर तासाभराने अंगणात जाऊन, जिथे जिथे पाणी साचलं आहे तिथे खुंट्या ठोकाव्यात आणि फोटो काढून ठेवावा. भेटीला येताना आम्हाला आधी तोच दाखवा.