सवलत होती, तरी वर्ष का गेलं?

"तुम्हाला तर सवलत होती, मग वर्ष कसं वाया गेलं?" लग्नात, ऑफिसात, कुठेही कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्यांच्या डोक्यात फक्त कटऑफ असतो. म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

इंजिनिअरिंगची सीट मला लागली होती, विमुक्त जातींच्या राखीव ३ टक्क्यांतून. अडलं ते व्हॅलिडिटीपाशी, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे असं पडताळणी समितीने देण्याच्या प्रमाणपत्रापाशी. आमच्या प्रवर्गाला जातीचा २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली आमची माणसं त्यातून सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. पुढच्या नऊ वर्षांत त्यांनी घर करायचं, पोरं शाळेत घालायची आणि वर कागदही जपायचे!

वडील आणि मी सोलापूरला गेलो. सेटलमेंट म्हणजे आमच्या माणसांना डांबून ठेवायची सरकारी वसाहत; तिथल्या पोरांच्या शाळेचं जुनं रजिस्टर कारकुनाने फडक्यातून सोडलं. पानांच्या कडा हात लावला की गळत होत्या. वडिलांना वाचता येत नाही, म्हणून मी ओळीवर बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. चुलत आजोबांचं नाव आलं तसा वडिलांनी माझा हात धरला. "थांब. परत वाच." मी परत वाचलं. जात बरोबर होती. पत्ता म्हणून नुसतं 'सेटलमेंट' लिहिलेलं. वडील म्हणाले, "तारेच्या आत होते सगळे." पण रजिस्टरात आडनावच नव्हतं. समितीने विचारलं, हे तुमचेच कशावरून? मग वंशावळ, प्रतिज्ञापत्रं, दक्षता पथकाची घरी चौकशी. व्हॅलिडिटी हातात आली जानेवारीत. प्रवेशाची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती.

खुल्यातून का नाही घेतलं? मार्क पुरत नव्हते. हो, नव्हते. आमच्या कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवायला वर्षभर कुणी नव्हतं, हे मी कारण म्हणून सांगत नाही; पण ते होतं.

त्या वर्षी मी तावातावाने म्हणायचे, पडताळणीच बंद करा. आज तसं म्हणवत नाही. खोट्या दाखल्यांवर आमच्याच जागा जातात, म्हणून तर सुप्रीम कोर्टाला १९९४ मध्ये या समित्यांची चौकट घालून द्यावी लागली. पण ज्याच्याकडे कागद असूच शकत नव्हता, त्याने काय दाखवायचं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात भाचीच्या पडताळणीच्या प्रस्तावाला पुरावा म्हणून माझी व्हॅलिडिटी जोडली. झेरॉक्सवर सही करताना ती म्हणाली, "आत्या, तुझ्या वेळी कुणाची जोडली होती?"