मराठी निवडली तरी अ‍ॅप इंग्रजीच का राहतं?

अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये भाषेचा पर्याय दिलाय, मराठीचं भाषांतर नीट तपासून घेतलंय, अँड्रॉइड स्टुडिओतून (अ‍ॅप बनवायच्या प्रोग्राममधून) फोनवर टाकलं की सगळी बटणं मराठीत दिसतात. तेच अ‍ॅप प्ले स्टोअरवरून उतरवलं की मराठीवर कितीही वेळा बोट ठेवा, इंग्रजी हलत नाही. अ‍ॅप बंद पडत नाही, एररही येत नाही, त्यामुळे क्रॅशच्या अहवालात याचा मागमूस नसतो. मराठी अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, कारण मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी फोनची भाषा मात्र इंग्रजी ठेवलेली असते आणि नेमका त्यांनाच हा फटका बसतो.

कारण वाटपाच्या पद्धतीत आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवं अ‍ॅप एपीके (फोनवर थेट बसणारी फाइल) म्हणून चढवता येत नाही, अ‍ॅप बंडल द्यावं लागतं. बंडल थेट फोनवर बसत नाही, तो कच्चा माल आहे. कुणी ‘इन्स्टॉल’ दाबलं की स्टोअर त्या फोनच्या मापाचे तुकडे पाठवतं. बेस एपीके सगळ्यांना सारखीच जाते. तिच्यासोबत त्या प्रोसेसरच्या नेटिव्ह लायब्रऱ्यांचा, म्हणजे त्याच्यासाठीच तयार केलेल्या कोडचा तुकडा, स्क्रीनच्या घनतेला साजेशा चित्रांचा तुकडा आणि भाषेचा तुकडा जातो. यात भाषा कोणती, हे फोनच्या सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीवरून ठरतं. यादीत फक्त इंग्रजी असेल, तर मराठीचा तुकडा त्या फोनवर पोचतच नाही. अ‍ॅप मराठी शब्द शोधतं, ते सापडत नाहीत, मग ते मुकाट्याने मूळ इंग्रजीवर परततं. स्टुडिओतून थेट टाकलेल्या एपीकेत सगळ्या भाषा असतात, म्हणून बनवणाऱ्याला ही चूक आपल्या टेबलावर कधी दिसत नाही.

खात्री करायला फार वेळ लागत नाही. फोनच्या यादीतून मराठी काढा, अ‍ॅप प्ले स्टोअरच्या इंटर्नल टेस्टिंगच्या (निवडक परीक्षकांसाठीच्या) ट्रॅकवरून उतरवा (तिथे १०० जणांपर्यंत परीक्षक घेता येतात), फोन संगणकाला जोडा आणि एडीबी या संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनात ‘एडीबी शेल पीएम पाथ’ या आज्ञेपुढे पॅकेजचं नाव (अ‍ॅपची तांत्रिक ओळख) द्या. बेस आणि सोबतच्या तुकड्यांची यादी येईल. तिच्यात ‘कॉन्फिग डॉट ईएन’ (इंग्रजीचा तुकडा) आहे आणि ‘कॉन्फिग डॉट एमआर’ (मराठीचा) नाही, असं दिसलं की निदान झालं.

उपाय एका ओळीचा आहे. अ‍ॅप मोड्यूलच्या ग्रेडल फाइलमध्ये (अ‍ॅप बांधण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये), अँड्रॉइडच्या कंसात ‘बंडल’, त्यात ‘लँग्वेज’ आणि तिथे ‘एनेबल स्प्लिट’ला ‘फॉल्स’. मग भाषांचे तुकडे पडत नाहीत, सगळ्या भाषा बेससोबत जातात. प्रोसेसर आणि घनतेचे तुकडे मात्र चालूच ठेवा. वजनाची खरी बचत तिथेच होते, भाषेचे नुसते शब्द त्या मानाने किरकोळ असतात. अपवाद आवाजाचा: मराठी ध्वनिफिती ‘रॉ-एमआर’ फोल्डरमध्ये ठेवल्या असतील तर त्याही भाषेच्या तुकड्यात जातात आणि त्यांचं वजन भरपूर असू शकतं. अशा वेळी तुकडे राहू द्यावेत आणि वापरणाऱ्याने मराठी निवडताच प्लेच्या फीचर डिलिव्हरी लायब्ररीतून ‘एमआर’चा तुकडा मागवावा. त्या क्षणी नेट लागतं, म्हणून ‘मराठी उतरवत आहोत’ असं पडद्यावर दाखवणं आणि नेट नसल्यास काय होईल हे आधीच ठरवणं आलं.

अ‍ॅप मुख्यतः मराठी वाचकांसाठीच असेल तर मला तिसरा मार्ग जास्त पटतो. पडद्यावरचे शब्द ठेवायच्या मूळ ‘व्हॅल्यूज’ फोल्डरमध्येच मराठी शब्द ठेवावेत आणि इंग्रजीला वेगळं फोल्डर द्यावं. मूळ फोल्डर बेसमध्ये जातं, म्हणजे मराठी प्रत्येक फोनवर पोचते. यात इंग्रजीचीही तशीच काळजी घ्यावी लागते: फोन फक्त मराठीत ठेवणाऱ्याला अ‍ॅपमधून इंग्रजी निवडायची असेल, तर तुकडे बंदच हवेत. फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) एआरबी या भाषांतराच्या फाइलींतून केलेलं भाषांतर फ्लटरच्या डार्ट भाषेतल्या कोडात जातं, त्यामुळे ते गळत नाही. तिथे अँड्रॉइडच्या बाजूला लिहिलेले शब्द, उदाहरणार्थ अ‍ॅपचं नाव, तेवढे तपासावेत.

तुकडे गूगल तयार करतं, म्हणून त्यांच्यावर डिजिटल सहीही (फाइल कुणाची, हे सांगणारी खूण) गूगलकडच्या किल्लीने होते. तुमच्याकडची किल्ली फक्त चढवण्यापुरती. ती हरवली तर प्ले कन्सोलमधून (अ‍ॅप चढवायच्या गूगलच्या संकेतस्थळावरून) बदलून मिळते, हा मोठाच दिलासा. पण यातून आणखी एक नेहमीचा घोटाळा होतो: टेबलावर चालणारं गूगल लॉगिन किंवा नकाशा स्टोअरवरच्या अ‍ॅपमध्ये बंद पडतो. तुमच्या आणि गूगलच्या सहीचे ठसे (किल्लीची छोटी ओळख) वेगळे असतात. कन्सोलच्या अ‍ॅप साइनिंग पानावरचा शा-वन प्रकारचा ठसा फायरबेसमध्ये (अ‍ॅपसाठीची गूगलची सेवा) किंवा नकाशाच्या किल्लीच्या निर्बंधांत जोडला की प्रश्न मिटतो.

नेट कमी असलेल्या ठिकाणी अ‍ॅप एका फोनवरून दुसऱ्यावर देण्याची सवय अजून आहे. अशा वेळी नुसती बेस एपीके काढून पाठवली, तर ती बसतच नाही किंवा उघडताच बंद पडते, कारण बाकीचे तुकडे मागेच राहिलेले असतात. शाळा, बचतगट, शेतकरी गट यांच्यासाठी फाइल द्यायची असेल तर कन्सोलच्या अ‍ॅप बंडल एक्सप्लोररमधून सही केलेली युनिव्हर्सल एपीके उतरवा. तिच्यात सगळे प्रोसेसर आणि सगळ्या भाषा असतात, म्हणून ती जड असते. पण सही तीच असल्यामुळे पुढचे अपडेट स्टोअरवरून तिच्यावर बसू शकतात. स्वतःच्या किल्लीने वेगळी एपीके करून वाटली तर सही जुळत नाही. मग लोकांना अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं लागतं आणि फोनवरच्या नोंदी पुसल्या जातात.

भाषेची दुरुस्ती सोडताना ती आधी ५ टक्के लोकांनाच द्या. काही बिघडलं तर वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे ती पोचली त्यांच्याकडून परत घेता येत नाही. त्यांच्यासाठी वाढीव व्हर्जन कोडचं (आवृत्तीच्या क्रमांकाचं) नवं बंडलच चढवावं लागतं, म्हणून तो आकडा वाढवताना हात आखडता ठेवा. त्याची कमाल मर्यादा २,१०,००,००,००० आहे. वर्ष, महिना, दिवस आणि तास जोडून केलेला आकडा तिच्यात बसतो, मिनिटं जोडली की बसत नाही.