बंड्याला विष कुणी घातलं?

जुलैतली सकाळ. पाऊस असा की दवाखान्याच्या शटरखालून पाणी आत येत होतं. मी पोतं टाकून ते अडवतोय तोच रिक्षा थांबली आणि काका उतरले. हातात चादरीत गुंडाळलेला बंड्या. बीगल जातीचा कुत्रा, चार वर्षांचा, साडेचौदा किलो. टेबलावर ठेवला तर टेबलच खडखडायला लागलं, इतका थरथरत होता.

"विष घातलंय डॉक्टर. शेजाऱ्यानंच. परवाच कोंबडीवरून वाजलं आमचं."

पोलिसांना द्यायचा अर्ज खिशात तयार होता. माझा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता.

शेजाऱ्याची हापूसची बाग. म्हणजे घरात फवारणीचं औषध असणारच, शंका अगदी हवेतली नव्हती. रत्नागिरीत कीटकनाशकाने गेलेली कुत्री मी पाहिली आहेत. पण त्यात बहुधा लाळेची धार लागते आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. बंड्याच्या बाहुल्या उलट मोठ्या झाल्या होत्या. पाय ताठ, मान मागे. मदतनीस मुलाच्या हातून ट्रे पडला, तर त्या आवाजासरशी बंड्याचं अख्खं अंग उडालं. ताप १०६. कुत्र्याचा एरवी १०१-१०२ असतो. हा संसर्गाचा ताप नव्हता. स्नायू तासन्‌तास थरथरत राहिले की अंग असं भट्टीसारखं तापतं, आणि कुत्रं त्यानेच दगावू शकतं.

शिरेतून झटके शमवणारं डायझेपाम दिलं. जरा उतरलं, पुन्हा सुरू. मग स्नायू सैल करणारं मेथोकार्बामॉल, अगदी सावकाश. ओली फडकी, पंखा. १०३ ला येताच फडकी काढली, नाहीतर ताप घसरतच जातो. अशा अवस्थेत उलटी करवायची सोय नसते, ती फुप्फुसात जायची भीती. म्हणून भूल देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि दुसऱ्या नळीने पोट धुवायला घेतलं.

तिसऱ्या पाण्याबरोबर बादलीत ऐवज पडला. पावाचे न चावलेले लचके, चीज, अक्रोडाचे तुकडे. चिमट्याने पावाचा एक तुकडा उचलला. मधोमध निळसर हिरवी पूड, कडेने पांढरी लव. वास पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेचा.

काका वाकून बघत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमच्या डब्यातलं."

काकू लेकीकडे पुण्याला गेलेल्या. उरलेला पाव, चीजचं पाकीट, खवट झालेले अक्रोड, सगळं काकांनी मागच्या पडवीतल्या खताच्या डब्यात टाकलेलं. आठवडाभर ऊन नाही, झाकण धड बसत नाही. रात्री डबा आडवा झाल्याचा आवाजही त्यांनी ऐकला होता. मांजर असेल म्हणून कूस बदलली.

अशा पदार्थांवर वाढणाऱ्या पेनिसिलियम बुरशीच्या काही जाती पेनिट्रेम ए नावाचं विष बनवतात. स्नायूंना मज्जासंस्थेचा जो लगाम असतो, तो त्याने सुटतो. माणूस बुरसटलेला पाव वासावरून टाकून देतो. बीगल वासावरूनच शोधत येतो! हे विष तपासून देणारी प्रयोगशाळा आमच्या आसपास नाही, त्यामुळे लक्षणं आणि ती बादली, एवढ्यावरच निदान.

पावसाळ्यात लोक मला विचारतात ते भिंतीवरच्या बुरशीबद्दल. तीही साधी नाही. दमेकरी मांजराची धाप तिने वाढू शकते, आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांत अ‍ॅस्परजिलस बुरशीने घर केलं तर त्याला वाचवणं फार अवघड. पण तिथे हळूहळू बिघडत जातं. इथे एका रात्रीत.

नळी काढण्याआधी पोटात औषधी कोळसा सोडला. संध्याकाळी थरथर थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी बंड्या चार पायांवर उभा राहिला आणि झिंगल्यासारखा डोलत थेट माझ्या बिस्किटांच्या डब्याकडे निघाला.

काकांना दाखला हवाच होता. मी लिहिलं, बुरशी लागलेल्या अन्नातून विषबाधा. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"नुसतं विषबाधा लिहिलं तर नाही का चालणार?"

"नाही काका."

त्यांनी दाखला अर्जाच्याच घडीत सरकवला, बंड्याला उचललं आणि दारापर्यंत जाऊन परत वळले.

"हिचा फोन आला तर तुम्ही काही बोलू नका हं."